अर्थिंगचा पासबाबा झाला तेव्हा

मित्रांनो, जुनी पेटी आहे मी, पण जुनी हा शब्द माझ्याबद्दल मीच वापरायचा. तुम्ही वापरला तर मला चालणार नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे एक कॉलेज आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीखालच्या तिसऱ्या टेबलावर माझी जागा. मला कोणी डी.सी. पॉवर सप्लाय म्हणतं, कोणी बॅटरी एलिमिनेटर म्हणतं. पोरं घाईत असली की नुसतं "पेटी आण बे" म्हणतात. मी त्यालाही ओ देते.

माझं शिक्षण फार नाही. तोंडावर दोन काटे आहेत. एक व्होल्ट सांगतो, दुसरा अँपिअर. तीस व्होल्टच्या पुढचं मला काही येत नाही, कारण पट्टीच तिथे संपते. पण जेवढं येतं तेवढं चोख येतं. शेजारच्या टेबलावर चार वर्षांपूर्वी नवीन पेटी आली. तिच्या तोंडावर हिरवे आकडे लुकलुकतात, दशांशाच्या पुढे दोन घरं. लुकलुकू दे. लाइन गेली की आम्ही दोघी सारख्याच आंधळ्या.

मला अभिमान एकाच गोष्टीचा. तीस वर्षांत किती लेकरांनी माझ्या अंगाला हात लावला असेल, त्याची मोजदाद नाही. घामेजलेले हात लावले, नुकतेच धुतलेले ओले हात लावले. माझ्या अंगाने एकाही लेकराला झटका दिला नाही. मागच्या उन्हाळ्यात हाच माझा मान जायची वेळ आली. मानाचं एक सोडा, एखाद्या पोराचा जीवच जायची वेळ आली होती. तेच सांगायला बसले आहे. पण आधी मी कुठली, कशी, ते ऐका, नाहीतर पुढचं तुम्हाला समजायचं नाही.

माझा जन्म अमरावतीचा. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याचं शेड होतं. तिथे सहा बाया बसून आमच्यासारख्या पेट्या जोडायच्या. एकीने तांब्याची तार गुंडाळून माझा ट्रान्सफॉर्मर केला, दुसरीने डायोडांना डाग दिले, तिसरीने माझं पत्र्याचं अंग राखाडी रंगात रंगवलं. भिंतीतून येणारी वीज एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे पळते. तिचा जोर मोठा, स्वभाव चंचल. माझा ट्रान्सफॉर्मर तिचा जोर कमी करतो. चार डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारी दारं. ती तिला एकाच दिशेने जाऊ देतात. मग कॅपॅसिटर नावाचा रांजण भरतो आणि त्यातून शांत, सारखी धार बाहेर पडते. एवढंच माझं काम, पण ते रोजचं आहे आणि त्यात सुट्टी नाही.

त्या सहा जणींत मैनाबाई मुख्य. तोंडाची फटकळ, हाताची बारीक. माझ्या अंगाला हिरवी तार बसवायची वेळ आली तेव्हा एका नवीन आलेल्या बाईने रंगावरच स्क्रू आवळला. मैनाबाईने तो सोडायला लावला.

"बाई, रंगावर काहून बसवून राहिली तू? रंगातून करंट जाते काय? आधी खरवड. लोखंड चमकू दे. मंग दातेरी वॉशर टाक अन् मंग आवळ."

नवीन बाईने खरवडलं. मग भिंतीतून वीज आणणाऱ्या वायरीतल्या तिन्ही तारा मोजून सारख्या कापायला घेतल्या. मैनाबाईने पुन्हा तिचा हात धरला.

"हिरवी दोन बोटं लांब ठेव."

"काहून?"

"कोणी वायर धरून वढली तं लाल आधी निंघाली पाह्यजे, मंग काळी. हिरवी सगळ्यायच्या मांगून. हिरवी आधी सुटली अन् लाल तशीच राह्यली, तं मंग ही पेटी माणसाले मारंल. आपल्या हातची पेटी."

त्या दिवशी मला कळलं की मी मारूही शकते. तोवर मी स्वतःला फार सोज्वळ समजत होते.

आता माझ्या तोंडाकडे पाहा. खाली तीन टर्मिनल आहेत: लाल, काळं आणि हिरवं. लाल म्हणजे धन, काळं म्हणजे ऋण. माझी शांत धार या दोघांमधून वाहते. बरीच पोरं काळ्यालाच 'अर्थ' म्हणतात, आणि मला त्याचा राग येतो. काळं माझ्या धारेचं दुसरं टोक आहे, बाकी काही नाही. हिरवं म्हणजे माझं अंग, माझा पत्रा. सरांनी सांगितलं तरच काळ्याला हिरव्याशी पट्टीने जोडायचं, नाहीतर त्याला आपलं मोकळं राहू द्यायचं. हिरव्याची तार माझ्या अंगातून प्लगच्या मोठ्या पिनेत जाते, तिथून भिंतीत, आणि भिंतीतून थेट प्रयोगशाळेमागच्या जमिनीत. कधी माझ्या आत काही बिघडलं आणि मोठी वीज चुकून पत्र्याला लागली, तर तिने लेकराच्या हातातून न जाता त्या वाटेने जमिनीत जावं, यासाठी हा सगळा खटाटोप. ती वाट चांगली असली की वीज एवढ्या जोराने पळते की भिंतीवरचा खटका आपोआप पडतो आणि सगळं बंद होतं.

ती वाट जिथे संपते तो खड्डा प्रयोगशाळेमागे कडुनिंबाखाली आहे. खाली लोखंडी पाइप पुरलेला, भोवती मीठ आणि कोळसा, वर सिमेंटचं चौकोनी झाकण आणि त्यात पाणी टाकायला एक नळकांडं. अकोल्याची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि अशी भेगाळते की तुमचा हात कोपरापर्यंत आत जाईल. अशी कोरडी जमीन पाइपला सोडून देते. म्हणून त्या खड्ड्याला उन्हाळाभर पाणी लागतं.

हे आमच्या गावंडे सरांनी चतुराबाईला सांगितलं होतं. चतुराबाई आमच्या प्रयोगशाळेची परिचर, मूर्तिजापूरकडची. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण प्रयोगशाळेत तिच्या शब्दापुढे कोणाचं चालत नाही. गावंडे सर निवृत्त झाले, नंतरचे दोन सर आले आणि गेले, चतुराबाई राहिली. रोज सकाळी कूलरच्या तळाचं उरलेलं पाणी बादलीत घ्यायचं आणि खड्ड्यात ओतायचं, हा तिचा नेम. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे कूलरचं पाणी कोणी गटारात सोडलं तर ती त्याला दिवसभर ऐकवायची.

पोरांनाही तिने चांगली शिस्त लावली होती. "बटन बंद. दोन्ही नॉब शून्यावर. लालले लाल वायर, काळ्याले काळी. आता मले दाखव. मंग बटन." कोणी चालू पेटीत वायर खुपसली तर ती ओरडत नसे. जवळ येऊन हळूच विचारायची, "घरी सांगून आला का बाप्पू?" तो पोरगा वर्षभर पुन्हा तसं करत नसे.

पण मित्रांनो, सगळ्या घोटाळ्याची सुरुवात याच बाईच्या एका शब्दाने झाली.

दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने खड्ड्यावर पाहिलं, तर झाकणाला शेंदूर, दोन अगरबत्त्या आणि एक नारळ. शेजारी अपेक्षा उभी. ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरगी, बापाची मूर्तिजापूरजवळ शेती, डोक्याने हुशार पण परीक्षेच्या नावाने हातपाय थंड पडणारी. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"हे कोनं केलं?"

"मावशी, तुमीच तं रोज पाणी घालता. आमाले वाटलं, जागृत ठिकाण आहे."

"पोरी, आमच्या घरात देव नाहीत. अन् मी गड्ड्याले पुजीन?"

"मंग पाणी कायले टाकता?"

"तहान लागते त्याले."

अपेक्षा मैत्रिणींकडे वळली. "पाह्यलं? मी म्हणत नव्हती?"

झालं. खड्ड्याचं नाव पासबाबा पडलं. चतुराबाईने रॉकेलने शेंदूर पुसला. पुढच्या परीक्षेला तो पुन्हा आला, आणि या वेळी लिंबूही आलं. ती खड्ड्याला तहान लागते असं म्हणण्याऐवजी दोन वाक्यं जास्त बोलली असती, तर एवढं झालं नसतं. पण थोडक्यात बोलायची सवय असलेल्या बाईला हे कोण सांगणार? मी सांगितलं असतं, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

मागच्या फेब्रुवारीत चतुराबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सुट्टी घेऊन अमरावतीला लेकीकडे गेली. त्याच सुमारास कॉलेजात तपासणीची समिती यायची ठरली. सगळीकडे रंग लागले, आणि मागच्या अंगणात गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवायला सूर्यभान मिस्त्री आला. भला माणूस. गट्टू बसवत बसवत तो कडुनिंबाखाली पोचला आणि थबकला. शेंदूर, नारळ, सुकलेला हार. देवावर गट्टू बसवायला त्याचं मन होईना. त्याने बाकीचं अंगण पूर्ण केलं, आणि खड्ड्याच्या झाकणावर स्वतःच्या हौसेने गुडघ्याएवढा ओटा बांधला. पांढऱ्या टाइल्स लावल्या, वर शेंदराचा दगड बसवला. नळकांडं सिमेंटखाली गेलं. समितीने अंगणाचं कौतुक केलं.

मार्च गेला, एप्रिल गेला. अंगणात गट्टू, खड्ड्यावर ओटा, वर चव्वेचाळीस अंशांचं ऊन. पाण्याचा थेंब आत जायला जागा नाही. माझ्या हिरव्या तारेचं दुसरं टोक कोरड्या जमिनीत लोंबकळत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मे महिन्याच्या एका शुक्रवारी अपेक्षा परीक्षेचा सराव करत होती. नॉब फिरवताना तिने दुसरा हात माझ्या अंगावर टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"सर, ही पेटी चावते."

ललित सर जवळ आले. नवीन, तरुण, अमरावतीचे. "चावते म्हणजे?"

"मुंग्या येतात आंगात."

"पायात काय आहे तुझ्या?"

"रबरी चप्पल."

सरांचा चेहरा उतरला. तिच्या पायात चप्पल होती म्हणून मुंग्यांवर भागलं होतं. त्यांनी मुख्य खटका पाडला आणि सगळ्यांना टेबलापासून दूर उभं केलं. तेवढ्यात मागच्या टेबलावरची पोरं म्हणाली की त्यांचा लहरी दाखवणारा ऑसिलोस्कोपही सकाळपासून चावतो आहे, आणि ती हिरव्या आकड्यांची नवीन पेटीसुद्धा. त्यांना वाटलं होतं, उन्हाने होत असेल.

खरं सांगू? मी लाजेने मरायला टेकले होते, पण हे ऐकून मला बरं वाटलं. मी एकटी नाही तर. सगळ्याच चावतात म्हणजे खोट माझ्यात नाही, जमिनीत आहे. मी मान वर केली.

अपेक्षाने उपायही सुचवला. "सर, आमच्या घरचा कुलर असाच चावत होता. बाबानं प्लगची मोठी पिन तोडून टाकली. तवापासून गप आहे."

"गप नाही झाला तो," ललित सर म्हणाले. "विजेची जमिनीत जायची वाट होती, ती तुम्ही तोडली. आता ती दुसरी वाट शोधते आहे. घरी फोन कर. आत्ता. कूलर बंद करा म्हणावं, नवीन तीन पिनांचा प्लग लावल्याशिवाय आणि अर्थिंग पाहिल्याशिवाय चालू करू नका."

तिने फोन लावला. तिकडून बापाचं ओरडणं मलाही ऐकू आलं. "येडी-बयाडी झाली का तू? इथी चव्वेचाळीस आहे." मग सरांनी फोन हातात घेतला आणि अर्धा तास त्या बापाला समजावत बसले. शेवटी तिकडे कूलर बंद झाला, असं अपेक्षाची आई म्हणाली. आईचं म्हणणं होतं म्हणून विश्वास ठेवला.

आमचा प्रश्न मात्र तसाच. सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. ललित सरांनी सगळे प्लग काढले, मुख्य खटका वर केला आणि मीटर सॉकेटच्या जिवंत, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेपासून अर्थच्या भोकापर्यंत लावला. मीटरने दोनशे तीस दाखवलं. म्हणजे अर्थिंग चांगलं. मग झटका कुठून? सर बुचकळ्यात पडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सोमवारपर्यंत कळलं नाही तर परीक्षा पुढे ढकलावी लागेल. आणि ही जुनी पेटी तर आधी बाहेर काढायला हवी."

भंगाराची मला भीती नव्हती. तिथेही लोखंडाला मान असतो. पण लेकराला चावणारी पेटी म्हणून जायचं, हे मला सोसणारं नव्हतं. आणि मला बाहेर काढून खोट जमिनीतच राहिली, तर सोमवारी कोणत्यातरी पेटीवर कोणाचातरी ओला हात पडणार होता.

शनिवारी सकाळी काठी टेकत चतुराबाई आली. सुट्टी संपायला आठ दिवस होते, पण परीक्षेला आपण नसलो तर पोरं वायरी जाळतील अशी तिची खात्री. सरांनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं, ऑसिलोस्कोपकडे पाहिलं.

"एकीलेच झालं असतं तं तिचा रोग म्हटला असता. साऱ्यायले झाला म्हणजे पाण्याचा रोग आहे. गड्ड्याले पाणी कोन टाकून राह्यलं?"

पोरांनी खिडकीतून ओट्याकडे पाहिलं.

"कोनंच टाकलं नाही?"

"पण चतुराबाई, मीटर तर ठीक दाखवतो," सर म्हणाले.

"सर, मीटर पाणी चाखते. बल्ब पाणी पेते. गावंडे सर बल्ब लावून पाहत होते."

ललित सरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मीटरला चालायला वीज नावापुरती लागते. कोरड्या जमिनीतूनही तेवढी मिळून जाते. बल्बला पोटभर लागते. त्यांनी शंभर वॉटचा बल्ब होल्डरमध्ये बसवला, माझ्यासकट सगळ्या पेट्यांचे प्लग काढलेलेच आहेत हे पाहिलं, आणि बल्ब जिवंत तार आणि अर्थ यांच्यामध्ये लावला. तुम्ही हे करायचं नाही बरं का, हे सरांचं किंवा वायरमनचं काम आहे. बल्ब लागला, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर. आतली तार तेवढी दिसत होती, उजेड नव्हता.

"पाहा," चतुराबाई म्हणाली. "जमीन उपाशी हाय."

ती मागे गेली. तिथे गट्टू, ओटा, टाइल्स आणि पासबाबा. तिने काठीने टाइल्सवर ठोकून पाहिलं. मग सूर्यभान मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो जवळच नळाच्या चेंबरचं काम करत होता.

"हे तू बांधलं?"

"हो बाई. देव उघड्यावर होता."

"तो देव आहे हे तुले कोनं सांगतलं?"

"नारळ होता न."

"नारळ तं मी भाजीतबी टाकते. मंग माझा रांधायचा गंज देव होते काय?"

सूर्यभान हसला, पण ओटा फोडायची सब्बल काही हातात घेईना. "बाई, तुमचं खरं असंल. पण मी आपल्या हातानं बसवला, आपल्या हातानं फोडू कसा? घरी काय सांगू?"

अपेक्षाही मध्ये पडली. "मावशी, परीक्षा झाल्यावर फोडा न. दोनच दिवस."

"दोन दिवसांनी फोडून काय करू? तुह्या हातात मुंग्या आल्या, मले माहीत आहे. दुसऱ्या कोनाच्या पायात चप्पल नसंल तं मुंग्या नाही येणार. मंग त्याच्या मायले कोन सांगंल, की बाबा मध्ये आला म्हणून आमी पाणी नाही टाकलं?"

ती ओरडली नाही. शेवटचं वाक्य तर तिने हळूच म्हटलं. अपेक्षा खाली पाहू लागली, आणि मग म्हणाली, "पहिला नारळ मीच ठेवला होता, मावशी."

"मले माहीत आहे. अन् तहान लागते, असं मीच म्हटलं होतं. दोघीयचं अर्धं अर्धं."

शेवटी सूर्यभाननेच वाट काढली. शेंदराचा दगड त्याने सिमेंटमधून अलगद सोडवला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि कडुनिंबाच्या बुडाशी सावलीत ठेवला. देव हलवला, फोडला नाही. मग उरलेल्या टाइल्सशी त्याचं काही नातं राहिलं नाही. तासाभरात ओटा उतरला आणि झाकण निघालं.

सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. काळी माती पाइपपासून चांगली चार बोटं मागे सरकली होती. पाइप मोकळ्या हवेत उभा होता, विहिरीत टाकलेल्या बांबूसारखा. सूर्यभानने भेगांत माती भरून ठोकली, मीठ-कोळसा टाकला. मग पाणी. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, तरी अपेक्षाने मैत्रिणी जमवल्या आणि वर्गावर्गांतल्या कूलरांचे तळ उपसून आणले. सात बादल्या त्या खड्ड्याने आवाज न करता प्यायल्या. आठवीला वर पाणी दिसू लागलं.

दुपारी बल्ब पुन्हा लावला. तो असा लख्ख पेटला की सरांनी डोळ्यांवर हात धरला.

मित्रांनो, त्या घडीला मी किती ताठ झाले होते, काय सांगू. माझी खोट नव्हतीच. आता सगळ्यांसमोर सिद्ध होणार. ललित सर एकेक प्लग लावत गेले, दूर उभं राहून खटका वर करत गेले. ऑसिलोस्कोप ठीक. नवीन पेटी ठीक. बाकीच्या सहा पेट्या ठीक. सगळ्यांत शेवटी मी. माझा प्लग बसला, सरांनी खटका वर केला, आणि तो जागच्या जागी फाटकन खाली पडला. पंखे थांबले.

सरांनी माझा प्लग काढला, खटका वर केला. पंखे फिरू लागले. पुन्हा माझा प्लग. पुन्हा फाटकन.

चतुराबाई काठी टेकत माझ्यापाशी आली. "तूच व्हय तं."

मला त्यांनी उलटं वळवलं. तीस वर्षांत माझी पाठ भिंतीकडे असायची, मलाही ती कधी दिसली नव्हती. वायर जिथे माझ्या अंगात शिरते, तिथे पत्र्याच्या भोकाला एक रबरी बुश असतो. पत्र्याची धार वायरला लागू नये म्हणून. तो उन्हाने वाळून, तडकून कधी गळून पडला, कोणाला कळलं नव्हतं. पत्र्याच्या धारेने आत येणाऱ्या लाल, जिवंत तारेचं कातडं कापलं होतं, आणि नखाएवढं तांबं माझ्या अंगाला टेकलं होतं.

म्हणजे चावत मीच होते. माझ्या अंगावरची वीज हिरव्या तारेतून जमिनीकडे निघाली, तिथे वाट बंद, म्हणून त्याच हिरव्या तारेने ती साऱ्या पेट्यांच्या अंगावर पसरली. ज्या ऑसिलोस्कोपकडे बोट दाखवून मी मान वर केली होती, त्यालाही माझीच बाधा. त्या नवीन पेटीला मी चार वर्षं नावं ठेवली, आणि ती बिचारी माझ्यामुळे पोरांच्या शिव्या खात होती. जमिनीची चूक होती, हे खरं. पण ती माझी चूक लपवणारी होती, एवढंच. जमीन बरी झाली आणि तिने पहिल्या झटक्यात माझं नाव सांगितलं.

त्या दुपारी मी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. मला नजर नाही हे खरं, पण काटे शून्यावर ठेवून बसले.

ललित सर म्हणाले, "हिला ठेवायची की काढायची?"

"वायर बदला, बुश बदला," चतुराबाई म्हणाली. "बुढी झाली म्हणून काढता काय? मंग मलेबी काढा, माह्या गुडघ्याचाही बुश बदललाच आहे."

नवीन केबल आली. सरांनी स्वतः खरवडून, आवळून, ओढून पाहिली. माझ्या पत्र्यापासून अर्थपर्यंत मीटर लावला, जवळजवळ शून्य. लाल तारेपासून पत्र्यापर्यंत लावला, काहीच जात नाही. मगच मला चालू केलं, आणि मगच चतुराबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. रविवारी तिने पोरींना बसवून सगळ्या पेट्यांच्या पाठी तपासून घेतल्या. आणखी दोघींचे बुश तडकलेले निघाले. अपेक्षाच्या घरीही त्याच दिवशी वायरमन येऊन गेला.

खड्ड्यापाशी आता पाटी आहे. 'हा अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी. का, ते प्रयोगशाळेत विचारा.' शेवटचं वाक्य चतुराबाईने मुद्दाम घालायला लावलं.

म्हणून माझी एक विनवणी आहे, मित्रांनो. यंत्र कितीही गरीब दिसलं, कितीही वर्षं भल्याने वागलं, तरी वर्षातून एकदा त्याला उलटं करून त्याची पाठ पाहा. त्याला स्वतःला ती दिसत नाही. कधी कोणी झिणझिण्या आल्या म्हणालं तर हसू नका, पिन तोडू नका, बटण बंद करा आणि मोठ्या माणसाला बोलवा.

सोमवारी परीक्षा वेळेवर झाली. अपेक्षाने चिठ्ठी उचलली आणि तिच्या वाट्याला मीच आले. तिने बटण बंद ठेवलं, दोन्ही नॉब शून्यावर नेले, लालला लाल आणि काळ्याला काळी वायर जोडली, सरांना दाखवली, आणि मग मला चालू केलं. दुसरा हात तिने माझ्या अंगावर टेकवला, आणि तो काढला नाही. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "हे हिरवं टर्मिनल कशासाठी असतं?"

पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. दोन दिवसांपूर्वी तिने ते घडाघडा म्हटलं असतं. आता तिने आधी खिडकीबाहेर कडुनिंबाकडे पाहिलं.

"सर, पेटीची चुकी झाली तं पेटीनं ती कबूल करावी म्हणून."

परीक्षक हसले आणि त्यांनी पाचपैकी पाच गुण दिले. माझे काटे आपल्या जागी स्थिर होते, एक सहा व्होल्टवर, एक पाव अँपिअरवर, आणि तिच्या तळव्याला माझ्या अंगाची नुसती ऊब लागत होती.